कासच्या सड्यावरचं ऊन आणि ढगांच्या सावल्या : ब्लेंडरमध्ये टप्प्याटप्प्याने

संगणकावर उघड्यावरचं त्रिमितीय दृश्य रेंडर करताना, म्हणजे त्याचं चित्र काढताना, आपण बहुतेक वेळा एकसारखं ऊन टाकून मोकळे होतो. सूर्याचा एक दिवा, वर निळं आकाश, आणि पायाखालच्या गवतापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं सारखंच उजळलेलं. मॉडेल चांगलं असतं, झाडं चांगली असतात, तरी चित्र सपाट राहतं. सह्याद्रीत पावसाळा सरता सरता असं ऊन फार क्वचित पडतं. ढग सुटे झालेले असतात, वारा वाहता असतो, एक उतार लख्ख तर शेजारचा झाकोळलेला. ही ऊनसावली नीट बसवली की अंतरं कळतात, डोंगराच्या घड्या उठून दिसतात, आणि पाहणाऱ्याची नजर हवी तिथे नेता येते.

इथे एकच दृश्य घेऊ : साताऱ्याजवळचं कासचं पठार, २३ सप्टेंबर, दुपारी साडेचार. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीचा जांभ्याचा सडा (सपाट खडकाळ माथा), त्यावर तेरड्याचे गुलाबी आणि गेंदाचे पांढरे पट्टे, भोवती डोंगररांगा. साधन ब्लेंडर हे त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर, आणि रेंडर इंजिन, म्हणजे प्रकाशाचा हिशोब करून चित्र काढणारा त्यातला भाग, सायकल्स. पुढचे सगळे निर्णय एका गोष्टीवर उभे आहेत : ढगाच्या सावलीत जमिनीवर काळं काही येऊन पडत नाही. तिथून सूर्य तेवढा गेलेला असतो, आकाश जागच्या जागी असतं. जमिनीच्या टेक्श्चरवर (तिच्यावर चढवलेल्या चित्रावर) काळपट डाग रंगवून ढगाची सावली साधत नाही, ती यामुळेच.

सूर्य कुठे आहे ते आधी ठरवा

सूर्य नजरेने फिरवून "छान दिसतंय" तिथे थांबवू नका. ठिकाण, तारीख आणि वेळ ठरली की सूर्याची जागाही ठरते. कासचे अक्षांश सुमारे १७.७ उत्तर आणि रेखांश ७३.८ पूर्व. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशावर बेतलेली असल्यामुळे साताऱ्याकडे सूर्य माथ्यावर यायला बारा वाजून बरीच मिनिटं जातात. २३ सप्टेंबरला तो साधारण १२ वाजून २७ मिनिटांनी सर्वांत उंच, म्हणजे ७२ अंशांवर असतो. साडेचारला तो २८ अंशांवर उतरलेला असतो आणि दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजली तर २६०, म्हणजे पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला.

ब्लेंडरमध्ये सूर्याच्या दिव्याची जागा महत्त्वाची नसते, फिरवणं महत्त्वाचं असतं. वाय अक्षाची धन बाजू उत्तर मानली तर एक्स अक्षावरचा कोन ९० वजा सूर्याची उंची, आणि झेड अक्षावरचा कोन १८० वजा सूर्याची दिशा. आपल्या दृश्यात एक्स ६२ आणि झेड उणे ८०. गणित नको असेल तर 'सन पोझिशन' हे ॲड-ऑन घ्या. ४.२ आवृत्तीपासून ते एक्स्टेन्शन्समधून उतरवून घ्यावं लागतं. त्यात अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ भरा, आणि वेळेचा फरक न विसरता ५.५ ठेवा.

महाराष्ट्रातली दृश्यं करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कासच्या अक्षांशावर साधारण १० मेपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावल्या दक्षिणेला पडतात. युरोपातल्या शिकवण्या बघून सूर्य कायम दक्षिणेलाच ठेवायची सवय लागते. जूनमधल्या वाड्याचं किंवा देवळाचं दृश्य त्या सवयीने केलं तर जाणत्याला ते लगेच खटकतं.

मापं खरी असू द्या

एक एकक म्हणजे एक मीटर. झाड दहा मीटरचं, माणूस पावणेदोन मीटरचा, डोंगर खरोखर दोन-तीन किलोमीटर लांब. ढगाच्या सावलीचं सगळं गणित अंतरांवर चालतं, त्यामुळे इथे तडजोड केली की पुढे प्रत्येक आकडा हाताने जुळवत बसावं लागतं. कॅमेऱ्याचं क्लिप एंड, म्हणजे त्याला दिसण्याची हद्द, २०,००० मीटरपर्यंत वाढवा, नाहीतर मागची रांग दिसणारच नाही.

ऊन आणि आकाश वेगवेगळे ठेवा

वर्ल्डमध्ये, म्हणजे दृश्याभोवतालच्या आकाशाच्या मांडणीत, स्काय टेक्श्चर लावा. ब्लेंडरच्या २.९० आवृत्तीत, २०२० साली आलेलं निशिता प्रारूप जपानी संशोधक तोमोयुकी निशिता यांच्या १९९३च्या कामावर आधारलेलं आहे, आणि हवेतून प्रकाश कसा विखुरतो याचा हिशोब ते करतं. उंची १२०० मीटर भरा. पावसाने हवा धुतलेली असल्यामुळे धूळ कमी ठेवा. आवृत्तीनुसार या खिडक्यांची नावं थोडी बदललेली दिसतील, काम तेच.

आता त्यातली सूर्याची चकती बंद करायची आणि सूर्यासाठी स्वतंत्र सन दिवा वापरायचा. चकती चालू राहिली आणि वर दिवाही लावला, तर दोन सूर्य होतात आणि प्रत्येक झाडाला जोडसावली पडते. एचडीआरआय, म्हणजे खऱ्या आकाशाचं प्रकाश देणारं गोलाकार छायाचित्र, वापरणाऱ्यांना हीच अडचण येते. चित्रात सूर्य आधीच असतो आणि ते लक्षात न येता वर दिवा लागतो.

मग चकती बंद का करायची, तीच का वापरायची नाही? कारण ढगाची सावली करताना ऊन आणि आकाश यांचं प्रमाण आपल्या हातात असावं लागतं. पण ते प्रमाण मनाने ठरवू नका. असं करा : जमिनीवर १८ टक्के करड्या रंगाचा सपाट चौकोन ठेवा. दिवा लपवा, चकती चालू करा, छोटा रेंडर करा. रेंडर खिडकीत त्या चौकोनावर उजवं बटण दाबून धरलं की खाली त्या बिंदूचे आकडे दिसतात, ते टिपून ठेवा. मग चकती बंद, दिवा चालू, आणि चौकोनाचे आकडे पहिल्याइतके येईपर्यंत दिव्याची ताकद आणि रंग बदला. ब्लेंडरच्या मार्गदर्शिकेत निरभ्र उन्हासाठी १००० वॅट प्रति चौरस मीटर असा आकडा आहे, पण तुमच्या आकाशाशी जुळलेला आकडा त्याहून जास्त कामाचा. दिशाही अशीच तपासा : एक खांब उभा करा, एकदा चकतीने आणि एकदा दिव्याने पडलेली त्याची सावली बघा. दोन्ही एकाच रेषेत पडेपर्यंत आकाशाचा कोन फिरवा, कारण स्काय टेक्श्चर आणि दिवा कोन एकाच पद्धतीने मोजत नाहीत.

आता चौकोन एखाद्या भिंतीच्या सावलीत ठेवून पुन्हा आकडे घ्या. निरभ्र दुपारी उन्हातली सपाट जमीन सावलीतल्या जमिनीच्या सात-आठ पट उजळ असते, म्हणजे जवळजवळ तीन स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). सूर्य २८ अंशांवर उतरला की हा फरक चार-पाच पटींवर येतो. आकाशात पांढरे ढग असतील तर आणखी कमी, कारण ढग स्वतः मोठे परावर्तक असतात. फिल्मच्या काळातले फोटोग्राफर लख्ख उन्हात एफ/१६ आणि ढगाळ हवेत एफ/८ धरत. तोही दोन स्टॉपचाच हिशोब. तुमचं गुणोत्तर वीस पट येत असेल तर आकाश फार मंद आहे. दीड पट येत असेल तर ऊन पडलंय असं कुणालाच वाटणार नाही.

काठाचं गणित

माझ्या मते ढगाच्या सावलीचं खरेपण सगळ्यात जास्त तिच्या काठात असतं, म्हणून इथे थोडं थांबू.

सूर्य बिंदू नाही. पृथ्वीवरून तो सुमारे ०.५३ अंश रुंद दिसतो, म्हणून प्रत्येक सावलीच्या कडेला अर्धछायेचा पट्टा असतो. सावली पाडणारी वस्तू आणि जमीन यांच्यातल्या अंतराच्या साधारण १०८व्या भागाइतका तो रुंद असतो. दहा मीटरवरच्या फांदीच्या सावलीचा काठ नऊ-दहा सेंटिमीटर मऊ असतो. ढगाचा तळ सड्यापासून ८०० मीटर वर असेल आणि सूर्य २८ अंशांवर, तर किरणाच्या वाटेने ढग सुमारे १,७०० मीटर दूर आहे. म्हणजे अर्धछाया १६ मीटरची. किरण तिरपे पडत असल्यामुळे सूर्याच्या दिशेने जमिनीवर ती ३४ मीटरपर्यंत ताणली जाते. शिवाय ढगाची कड मुळातच विरळ असते, म्हणून प्रत्यक्षातला काठ याहूनही रुंद दिसतो.

यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली, दिव्याचा कोन ०.५३च्या आसपास, ब्लेंडरमध्ये जो मुळात असतो तोच ठेवा. ढगाची सावली मऊ व्हावी म्हणून तो चार-पाच अंशांवर नेणारे पुष्कळ आहेत. त्याने ढगाचा काठ मऊ होतो खरा, पण झाडांच्या, माणसांच्या, गवताच्या सावल्याही पसरट होतात आणि अख्खा डोंगर टेबलावरच्या प्रतिकृतीएवढा वाटू लागतो. दुसरी, सावलीची कड झाडाच्या सावलीइतकी रेखीव दिसली तर ढग दहा मीटरवर लटकतोय असं वाटतं, मग त्याचा आकार कितीही सुंदर असो.

ढगाचा तळ किती उंच धरायचा यासाठी जुना सोपा हिशोब आहे : हवेचं तापमान आणि दवबिंदू यांच्यात जितक्या अंश सेल्सिअसचा फरक, तितके गुणिले १२५ मीटर. फरक सहा-सात अंशांचा असला की तळ ८०० मीटरच्या आसपास येतो. सुट्या कापूसढगांना हा हिशोब चांगला लागू पडतो.

पडदा उभा करा

खरे घनफळी ढग करून त्यांची सावली पाडता येते, पण स्थिर चित्रासाठी किंवा जमिनीवरच्या कॅमेऱ्यासाठी त्याची गरज सहसा नसते. सूर्य आणि जमीन यांच्यामध्ये एक न दिसणारा पडदा टाकायचा आणि त्यात भोकं ठेवायची. नाटकाच्या प्रकाशयोजनेत दिव्यापुढे नक्षीची पट्टी लावतात, तोच हा प्रकार.

१. १२ किलोमीटर लांब-रुंद प्लेन घ्या, सड्यापासून ८०० मीटर वर ठेवा आणि कंट्रोल+ए ने स्केल लागू करा. स्केल लागू केलं नाही तर पुढचे मीटरमधले आकडे चुकतात.

२. प्लेन दृश्याच्या बरोबर वर ठेवू नका, सूर्याच्या दिशेने सरकवा. सरकवायचं अंतर म्हणजे उंची भागिले सूर्याच्या कोनाचा टॅन. इथे ते सुमारे १,५०० मीटर पश्चिमेला. सूर्य दहा अंशांवर असता तर साडेचार किलोमीटर सरकवावं लागलं असतं.

३. ऑब्जेक्टच्या व्हिजिबिलिटीत रे व्हिजिबिलिटी उघडा. कॅमेरा, डिफ्यूज, ग्लॉसी, ट्रान्समिशन बंद करा. शॅडो चालू ठेवा.

४. मटेरियलमध्ये फक्त ट्रान्सपरंट बीएसडीएफ, म्हणजे प्रकाश आरपार सोडणारा नोड. त्याचा रंग पांढरा तिथे पूर्ण ऊन, काळा तिथे पूर्ण ढग.

५. त्या रंगाला नॉइज टेक्श्चर (ढगांसारखी अनियमित नक्षी) जोडा, मधे मॅप रेंज (आकड्यांचा पट्टा बदलणारा नोड). निर्देशांक ऑब्जेक्टचे घ्या. नॉइजचा स्केल १ भागिले ढगाचा मीटरमधला आकार. ८०० मीटरच्या ढगांसाठी ०.००१२५. डिटेल चार-पाच.

६. मॅप रेंजमध्ये प्रकार स्मूथ स्टेप, 'फ्रॉम' ०.४८ ते ०.५६, 'टू' १ ते ०. नॉइजची मूल्यं अर्ध्याच्या आसपास दाटलेली असतात, म्हणून हा पट्टा इतका अरुंद. दोन्ही 'फ्रॉम' आकडे एकत्र वाढवले की ऊन वाढतं, कमी केले की मळभ येतं. त्यांच्यातलं अंतर वाढवलं की काठ मऊ होतो.

७. लाइट पाथ्समधले ट्रान्सपरंट बाउन्स तपासा. मुळात ते ८ असतात. गवत आणि पानं पारदर्शक चित्रांची असतील तर ती एकामागे एक ओलांडतानाच हे आठ संपतात, पडद्यापर्यंत किरण पोचतच नाही आणि झुडपांत काळे ठिपके पडतात. १६ ते ३२ ठेवा.

आडव्या पडद्याची सावली आडव्या जमिनीवर त्याच आकाराची पडते, कारण किरण समांतर असतात. खरा कापूसढग मात्र जाडजूड, उंच असतो, त्यामुळे उन्हं कलली की त्याची सावली सूर्याच्या दिशेने लांबते. हा लांबटपणा मॅपिंग नोडने आणा : नॉइज सूर्याच्या दिशेला वळवून त्या दिशेने दीड ते दोन पट ताणा. संध्याकाळच्या दृश्यात याने फार फरक पडतो.

पडद्याचा सगळ्यात मोठा फायदा सह्याद्रीसारख्या मुलखात दिसतो. सावली कड्यावरून खाली दरीत उतरते तेव्हा तुटते, पुढे सरकते, समोरच्या उतारावर वेगळाच आकार घेते. हे सगळं भूमितीतून आपोआप होतं. रंगवलेल्या डागाला हे कधीच जमत नाही, आणि नजरेला ते का खटकतंय हे सांगता आलं नाही तरी खटकतंच.

ढगाच्या पोटात पूर्ण काळं

इथे बहुतेकांचा हात कचरतो. सावली फार गडद वाटते म्हणून ते काळ्याच्या जागी करडा रंग घेतात, म्हणजे पडद्यातून ३०-४० टक्के ऊन खाली येऊ देतात. मग काय होतं ते नीट बघा : ढगाच्या सावलीतल्या झाडालाही पुसटशी पण रेखीव सावली पडते. प्रत्यक्षात तसं होत नाही. दाट ढगाखाली थेट सूर्य नसतो, म्हणून झाडाची सावली जवळजवळ नाहीशी होते. बुंध्याशी, दगडाखाली, गवताच्या मुळाशी थोडा मऊ काळोख उरतो, बस.

म्हणून पडदा ढगाच्या मध्यावर पूर्ण काळाच ठेवा. सावली फार गडद वाटत असेल तर दोष पडद्यात नाही, आकाश कमी पडतंय. करड्या चौकोनाचं गुणोत्तर पुन्हा तपासा आणि वर्ल्डची ताकद वाढवा. अर्धवट ऊन फक्त काठाच्या पट्ट्यात असावं, आणि झाडांच्या सावल्याही त्याच पट्ट्यात विरत जाव्यात. हा एक बदल केला तरी चित्र पालटतं.

पडदा आकाशही खातो

सायकल्समध्ये आकाशाच्या प्रकाशाचा हिशोब करतानाही शॅडो किरण सोडले जातात. ते किरण आपल्या पडद्याला अडतात. म्हणजे आपल्याला फक्त सूर्य झाकायचा होता, आणि पडद्याने आकाशाचाही थोडा भाग झाकला. तपासायला सोपं आहे : सूर्याची ताकद शून्य करा, पडदा ठेवून आणि काढून दोन छोटे रेंडर घ्या. चौकोनाचे आकडे वेगळे आले तर पडदा आकाश खातोय.

फरक थोडा असेल तर वर्ल्ड किंचित वाढवून भागतं. खरे ढगही आकाशाचा काही भाग झाकतातच. पण अंतिम कामासाठी मी स्वच्छ मार्ग घेते. ३.२ आवृत्तीपासून लाइट ग्रुप, म्हणजे प्रत्येक गटाचा प्रकाश वेगळा काढून देणारे दिव्यांचे गट, मिळतात. सूर्याचा एक ग्रुप करा, वर्ल्डचा दुसरा. दोन व्ह्यू लेअर (एकाच दृश्याचे वेगवेगळे रेंडर) करा, एकात पडदा आहे, दुसऱ्यात तो वगळलेला. पहिल्यातून सूर्याचा पास (फक्त त्या प्रकाशाचा थर) घ्या, दुसऱ्यातून वर्ल्डचा, आणि कॉम्पोझिटरमध्ये, म्हणजे रेंडरनंतर थर एकत्र करण्याच्या जागी, दोन्हींची बेरीज करा. रेंडरचा वेळ वाढतो, पण हाती येतं ते अमूल्य आहे : आकाश पूर्ण, ऊन ढगांनी कापलेलं, आणि दोन्हींचं प्रमाण पुन्हा रेंडर न करता बदलता येतं. प्रत्येक पासवर दाणेदारपणा काढणारा डीनॉइज नोड वेगवेगळा लावा, बेरजेनंतर एकदाच नको.

ऊन कुठे पडावं

आतापर्यंतचं सगळं हवामानाचं होतं, आता चित्राचं. नॉइजने दिलेला कवडसा नेमका नको तिथे पडतो. सतराव्या शतकातला डच चित्रकार याकोब फान रॉइसडाल याने हार्लेम गावाच्या परिसराची जी चित्रं काढली त्यांत सपाट जमिनीवर उजेड आणि झाकोळ यांचे आलटून पालटून पट्टे आहेत, आणि त्या पट्ट्यांमुळेच सपाट मुलूख मैलोगणिक मागे जातो. पठाराचं दृश्य करणाऱ्याने ती चित्रं जरूर बघावीत. माणसाच्या उंचीवरून पाहिलं की शेकडो मीटरची सावलीही दृष्टीकोनामुळे आडव्या पट्टीसारखी दिसते. त्यामुळे आकाराच्या नक्षीपेक्षा पट्ट्यांचा क्रम जास्त महत्त्वाचा ठरतो.

माझा आवडता क्रम : पायाशी सावली, मधे तेरड्याच्या गुलाबी पट्ट्यावर ऊन, त्यामागे झाकोळलेला उतार, आणि सगळ्यात मागे एखाद्या सोंडेवर उन्हाची तिरीप. कॅमेरा उत्तरेकडे तोंड करून ठेवला तर साडेचारचं ऊन डावीकडून येतं आणि उंचसखलपणा उठून दिसतो. पूर्वेकडे तोंड केलं तर सूर्य पाठीशी येतो आणि सगळं चपटं होतं.

कवडसा हव्या जागी आणायला एक एम्प्टी (रेंडरमध्ये न दिसणारी, फक्त जागा दाखवणारी वस्तू) वापरा. ज्या झुडपावर ऊन हवं तिथून सूर्याच्या दिशेने पडद्यापर्यंत रेषा काढा. आपल्या दृश्यात ती पडद्याला दीड किलोमीटर पश्चिमेला भेटते. तिथे एम्प्टी ठेवा, स्केल ३०० करा. मटेरियलमध्ये टेक्श्चर कोऑर्डिनेटला तो एम्प्टी देऊन ग्रेडियंट टेक्श्चर, प्रकार स्फेरिकल, जोडा. मध्यावर १ आणि ३०० मीटरवर ० असं मूल्य मिळतं. त्याला ०.३ने गुणून नॉइजमधून वजा करा, आणि हे मॅप रेंजच्या आधी करा. मॅप रेंजनंतर केलं तर वाटोळं भोक पडतं. आधी केलं तर नॉइजचाच काठ राहतो आणि ढग तिथेच फाटलाय असं वाटतं. उलट, एखादी जागा झाकायची असेल तर बेरीज करा.

हे सगळं अंतिम मटेरियलवर करत बसू नका. पडदा सोडून बाकी सगळ्या वस्तूंना तात्पुरतं एकच करडं मटेरियल द्या (व्ह्यू लेअरचं मटेरियल ओव्हरराइड पडद्यालाही लागतं, म्हणून ते नको), आणि वरून खाली बघणारा ऑर्थोग्राफिक कॅमेरा ठेवा. पडदा कॅमेऱ्याला दिसत नसल्यामुळे खालच्या सावल्यांचा नकाशाच समोर येतो. काठ किती मीटरचा आहे तेही तिथेच मोजता येतं.

रंग

निळ्या आकाशाखालची झाडाची सावली निळसर असते. ढगाच्या सावलीत तितका निळेपणा नसतो, कारण तिथे ढगांतून झिरपलेला आणि ढगांवरून परतलेला पांढरा उजेडही येतो. स्काय टेक्श्चरला ढग माहीत नसतात, म्हणून ते ही निळाई जास्त दाखवतं. वर्ल्डमध्ये ह्यू-सॅच्युरेशन नोड लावून आकाशाचा रंग ढगांच्या प्रमाणात फिका करा. अर्धं आकाश ढगांनी भरलेलं असेल तर सॅच्युरेशन ०.७च्या आसपास मला बरं वाटतं. कॅमेऱ्याला दिसणारं आकाश फिकं पडू नये म्हणून लाइट पाथ नोडने कॅमेरा किरण वेगळे काढा.

दूरच्या सावल्यांकडे खास लक्ष द्या. तीन-चार किलोमीटरवरच्या उतारावरची सावली जवळच्या सावलीइतकी गडद कधीच नसते, कारण मधल्या हवेचा निळसर उजेड तिच्यावर चढतो. मिस्ट पास (अंतरानुसार धुकं देणारा थर) घेऊन कॉम्पोझिटरमध्ये हा थर द्या.

ढग चालू करताना

वाऱ्याचा वेग सेकंदाला ८ मीटर धरला तर २४ फ्रेमच्या हिशोबाने एका फ्रेमला सावली ०.३३ मीटर सरकते. दहा सेकंदांच्या दृश्यात अवघी ८० मीटर. म्हणजे ८०० मीटरचा ढग तुमच्या अख्ख्या शॉटमध्ये स्वतःच्या दहाव्या भागाइतकाच हलतो. बहुतेक ॲनिमेशनमध्ये सावल्या याच्या कितीतरी पट धावतात आणि नकळत टाइमलॅप्सचा भास होतो. नाट्य हवं असेल तर वेग वाढवण्यापेक्षा शॉट अशा क्षणी सुरू करा, की सावलीचा काठ विषयापासून वीस-तीस मीटरवर आलेला असेल. चार सेकंदांत तो विषयाला गाठतो, आणि मऊ काठ त्याच्यावरून जायला आणखी काही सेकंद घेतो. तो संथ बदलच बघण्यासारखा असतो.

प्लेन पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकवा, कीफ्रेम लिनिअर ठेवा. नॉइज चार मितींचं करून डब्ल्यू मूल्य अगदी किंचित बदला, दहा सेकंदांत ०.०५ पुरे. जास्त बदललं तर सावल्या उकळल्यासारख्या दिसतात. कवडशाचा एम्प्टी प्लेनला पॅरंट करायला विसरू नका.

आकाशात दिसणारे ढग

डोक्यावर जो ढग दिसतो त्याची सावली साडेचार वाजता पायाशी पडत नाही, दीड किलोमीटर पूर्वेला पडते. म्हणून आकाशातल्या ढगाशी सावली तंतोतंत जुळवायची धडपड बहुतेक चित्रांत अनाठायी आहे. जुळायला हवं ते प्रमाण : जमिनीवर निम्मी सावली आणि आकाशात दोनच ढगांचे पुंजके असं नको. आकाशाचं एचडीआरआय फक्त कॅमेऱ्याला दाखवा, प्रकाश स्काय टेक्श्चर आणि दिव्यातून घ्या, आणि एचडीआरआयमधला सूर्य तुमच्या सूर्याच्याच दिशेला आहे ना ते बघा.

कॅमेरा ढगांच्या वरून उडत असेल, किंवा ढग आणि त्याची सावली एकाच चौकटीत शेजारीशेजारी दिसत असतील, तर व्हीडीबी ढग, म्हणजे फाइलमधून आणलेले घनफळी ढग, वापरावेच लागतात. तेव्हा व्हॉल्यूम बाउन्स, म्हणजे ढगाच्या आत प्रकाश किती वेळा उसळतो तो आकडा, वाढवा. मुळात ते शून्य असतात आणि त्यामुळे ढग मळकट राखाडी दिसतात. पाण्याचे थेंब प्रकाश फारसा शोषत नाहीत, पुढे ढकलतात. म्हणून स्कॅटरचा रंग जवळजवळ पांढरा आणि ॲनिसोट्रॉपी (प्रकाश पुढे ढकलण्याचं माप) धन, तत्त्वतः ०.८५च्या आसपास. बाउन्स कमी असतील तर ती ०.५पर्यंत खाली आणा, नाहीतर ढगाची सूर्याकडची बाजू अंधारते.

अनरिअल या गेम इंजिनमध्ये काम करणाऱ्यांसाठी हाच पडदा डायरेक्शनल लाइटच्या लाइट फंक्शनमध्ये मिळतो. ४.२६पासूनचे व्हॉल्यूमेट्रिक क्लाउड वापरत असाल तर त्या दिव्यावर ढगांची सावली पाडण्याची खूण चालू करा. युनिटी या दुसऱ्या गेम इंजिनात डायरेक्शनल दिव्याला कुकी (दिव्यापुढची नक्षी) लावा. पडदा कुठेही असो, काठ, पूर्ण काळा मध्य आणि वेग यांचे नियम तेच राहतात.

एक्स्पोजर

एक्स्पोजर उन्हातल्या भागावर बेता. ४.०पासून व्ह्यू ट्रान्सफॉर्म (रेंडरचे आकडे पडद्यावरच्या रंगांत बदलण्याची पद्धत) मुळात एजएक्स असतो, तोच ठेवा. स्टँडर्डमध्ये उन्हातले गेंद फटफटीत पांढरे होतात, आणि मग आपण ऊन कमी करत जातो आणि ऊन-सावलीचं जुळवलेलं प्रमाण हातचं जातं. व्ह्यू ट्रान्सफॉर्म थोडा वेळ फॉल्स कलरवर, म्हणजे उजेडाच्या पातळ्या वेगवेगळ्या रंगांत दाखवणाऱ्या पर्यायावर, नेऊन बघा : उन्हातलं गवत मधल्या पट्ट्यांच्या जरा वर, झाकोळातलं गवत त्याच्या दोन स्टॉप खाली, आणि पांढऱ्या फुलांतही वरच्या टोकाला थोडी जागा शिल्लक. झाकोळातला तेरडा आता उन्हातल्या तेरड्यापेक्षा गडद आणि गहिरा गुलाबी दिसायला हवा. तो काळपट दिसत असेल तर एक्स्पोजर तसंच ठेवून कॉम्पोझिटरमधला वर्ल्डचा पास वाढवा.